‘डेमन स्लेयरने सगळ्यांना संपवलं’ म्हणे! जरा हिशोब बघू

डेमन स्लेयर या जपानी कार्टून सिरीजचा (म्हणजे अ‍ॅनिमेचा) इन्फिनिटी कॅसल हा पिक्चर आपल्याकडे थेटरात लागला तेव्हापासून एक फॉरवर्ड जिथे तिथे दिसतोय. मूळ कोणाचा ते देव जाणे, आतापर्यंत इतक्या जणांनी तो आपापल्या नावाने टाकलाय की शोधण्यात अर्थ नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डेमन स्लेयर हीच आता जगातली सगळ्यात टिकाऊ आणि पावरफुल अ‍ॅनिमे फ्रँचाइज. का? तर (१) तिच्या आधीच्या मुगेन ट्रेन या पिक्चरने जपानचा बॉक्स ऑफिस रेकॉर्ड मोडला, (२) २०२० मध्ये तिची मांगा (मूळ जपानी कॉमिक) वन पीस या जुन्या सिरीजच्या दहापट खपली, (३) ड्रॅगन बॉल, गुंडम वगैरे नुसत्या नॉस्टॅल्जियावर चालतात, काका लोक घेतात, (४) वन पीस इतकी लांबलीय की नवीन माणूस आत शिरतच नाही, (५) मांगा संपली किंवा लेखक गेला की फ्रँचाइज दोन-तीन वर्षांत गार होते, आणि म्हणून (६) २०३० पर्यंत जुन्या सगळ्यांचं दुकान बंद. खाली जगातल्या श्रीमंत फ्रँचाइजींचा एक तक्ता, आगीचे इमोजी, विषय संपला.

आधीच सांगतो, डेमन स्लेयरवर माझा काही राग नाही. एकोणिसावा एपिसोड मीही तोंडाचा आ करून बघितलाय. प्रश्न ‘टिकाऊ’चा आहे. कोणती सिरीज एका वर्षात सर्वात जास्त गाजली हा एक प्रश्न, आणि काहीच नवीन येत नसताना कोणाचा माल खपत राहतो हा वेगळा प्रश्न. पोस्टवाल्याने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलंय, सगळा घोळ तिथेच आहे.

मुद्दा १: मुगेन ट्रेनचा रेकॉर्ड

रेकॉर्ड खरा आहे, त्यात वाद नाही. १६ ऑक्टोबर २०२० ला पिक्चर लागला, पहिल्या तीन दिवसांत ४६० कोटी येन, आणि शेवटी नुसत्या जपानमध्ये ४,००० कोटी येनच्या वर. त्याआधीचा रेकॉर्ड २००१ च्या स्पिरिटेड अवेचा होता, ३,१६८ कोटींचा. म्हणजे एकोणीस वर्षं कोणी हात लावू शकलं नव्हतं त्याला. हे थोर काम आहे, कोणी नाही म्हणत नाही.

पण तेव्हाची परिस्थितीही बघा की. कोविडमुळे हॉलिवूडचे मोठे पिक्चर एकामागून एक पुढे ढकललेले, जपानी थेटरांवरची एक सीट सोडून बसायची सक्ती नुकतीच ढिली झालेली आणि मालकांकडे लावायला दुसरं काहीच नव्हतं. टोकियोत शिंजुकूच्या तोहो सिनेमाजमध्ये पहिल्या दिवशी या एका पिक्चरचे ४२ शो लावले होते, बेचाळीस! सकाळी सातपासून दर थोड्या मिनिटांनी एक. शोची यादी बघून जपानी लोकच म्हणायला लागले की हे थेटरचं वेळापत्रक आहे की रेल्वेचं, आणि पिक्चरही ट्रेनचाच असल्यामुळे तो फोटो फिरला पण भरपूर. यात पिक्चरचा कमीपणा नाही, रिकामं मैदान मिळून माती खाणारे पण असतात. पण त्या आकड्यात काही भाग मोकळ्या मैदानाचा आहे एवढं तरी कबूल करा ना.

आता इथे कोणी म्हणेल की मग इन्फिनिटी कॅसलचं काय, तेव्हा कुठे कोविड होता. बरोबर, आणि पोस्टवाल्याने खरं तर हाच मुद्दा आधी मांडायला हवा होता, कारण तो जास्त भक्कम आहे. जुलै २०२५ मध्ये आला, जपानात ३,५०० कोटी येनच्या पुढे गेला, जगभरात ७० कोटी डॉलरच्या वर, आपल्याकडे हिंदी-तमिळ-तेलुगूत डब होऊन सप्टेंबरात लागला तर मुंबईत लोक पहाटेच्या शोला गेले. पाच वर्षांनी तीच गर्दी पुन्हा जमवणं सोपं नाही, मान्यच आहे. फक्त हेही धरा की या पाच वर्षांत सीझनवर सीझन येत होते, म्हणजे गाडी एकदाही पूर्ण थांबलेली नाही. थांबल्यावर काय होतं ते अजून कोणी बघितलेलंच नाही, आणि टिकाऊपणा तर तिथेच कळतो.

आणि बॉक्स ऑफिसचा आकडा म्हणजे फ्रँचाइजची कमाई नव्हे बाबांनो. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थेटरवाला ठेवतो, मग डिस्ट्रिब्युटर, मग प्रॉडक्शन कमिटी. लग्नाच्या एका पंगतीत हजार पानं उठली म्हणून तो हॉल रोज जेवण घालणाऱ्या खानावळीपेक्षा जास्त कमावतो असं होत नाही, दोन धंद्यांचा हिशोबच वेगळा.

मुद्दा २: ‘वन पीसच्या दहापट मांगा’

हा आकडाही खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. ओरिकॉन या जपानी कंपनीच्या २०२० च्या विक्रीच्या यादीत डेमन स्लेयर ८ कोटी २३ लाख प्रती, वन पीस ७७ लाख. दहापटीहून थोडं जास्तच.

आता हे झालं कसं ते बघा. एप्रिल २०१९ मध्ये अ‍ॅनिमे सुरू झाली, त्याआधी मांगा बरी चालत होती पण धुमाकूळ वगैरे काही नव्हता. ऑगस्टमध्ये एकोणिसावा एपिसोड आला आणि लोक वेडे झाले. मग या वेड्या झालेल्या माणसाने काय केलं? दुकानात गेला आणि एक नाही, सगळेच खंड उचलले, कारण त्याच्याकडे आधीचं काहीच नव्हतं. २०२० च्या त्या यादीच्या मुदतीत बाजारात २२ खंड होते. ८ कोटी २३ लाखाला २२ ने भागा, साधारण ३७ लाख येतात. म्हणजे ढोबळमानाने पस्तीस-सदतीस लाख घरांत पूर्ण सेट गेला असं समजा. प्रचंड आहे हे, पण ही घरं एकदाच सेट घेणार. पुढच्या वर्षी तोच सेट पुन्हा कोण घेईल?

वन पीसवाल्याच्या घरी तेव्हा नव्वदच्या वर खंड आधीच पडलेले, त्याला वर्षाला तीन-चार नवीन घ्यायचे असतात, संपलं. त्यामुळे एका वर्षाच्या विक्रीत वन पीस कमीच दिसणार, तिने विकायचं ते आधीच विकून झालंय. २०१८ पर्यंत सलग अकरा वर्षं त्याच यादीत पहिला नंबर वन पीसचा होता, हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने ५० कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला. २०१५ मध्येच गिनेसवाल्यांनी एका लेखकाच्या एका कॉमिकच्या सर्वाधिक छापील प्रती म्हणून तिची नोंद केली होती, तेव्हा आकडा ३२ कोटींच्या वर होता. म्हणजे रेकॉर्ड झाल्यानंतर सात वर्षांत आणखी १८ कोटी. मरायला टेकलेल्या सिरीजचे हे आकडे नाहीत.

आणि २०२१ चं काय झालं ते पण सांगा ना. डेमन स्लेयर २ कोटी ९५ लाखांवर आली आणि पहिला नंबर ३ कोटींच्या वर विकणाऱ्या जुजुत्सु काइसेन या दुसऱ्या मांगाने नेला. २ कोटी ९५ लाख म्हणजे अफाटच, कोणाचंही वर्षभराचं स्वप्न असेल, पण आठ कोटींवरून तीन कोटींवर एका वर्षात. शिखर म्हणतात ते हेच.

मुद्दा ३: ‘ड्रॅगन बॉल, गुंडम म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया’

इथे जरा थांबतो, कारण खरी मजा इथेच आहे, आणि ज्याने हा मुद्दा लिहिला त्याने बंदाई नामकोचा रिपोर्ट आयुष्यात उघडलेला नाही हे नक्की.

बंदाई नामको ही खेळणी, फिगर, पत्ते, गेम विकणारी कंपनी, आणि ती कोणत्या फ्रँचाइजमधून किती विक्री झाली ते दर तिमाहीला छापते. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात ड्रॅगन बॉलमधून सुमारे १९ हजार कोटी येन, गुंडममधून १५ हजार कोटींच्या वर, वन पीसमधून १४ हजार कोटींच्या जवळपास. हे एका कंपनीचे एका वर्षाचे आकडे आहेत, यात मांगा नाही, थेटरची तिकिटं नाहीत, इतर कंपन्यांचे टीशर्ट-बिस्किटं नाहीत. मुगेन ट्रेनची जपानमधली सगळी तिकिटं मिळून ४ हजार कोटी होती, आठवतंय ना?

बरं, त्या वर्षी ड्रॅगन बॉल दायमा ही नवी सिरीज चालू होती, स्पार्किंग झीरो गेमही आली, म्हणून वाढलं असं म्हणाल. ठीक, मग त्याच्या आधीचं वर्ष घ्या, एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. त्या वर्षात ड्रॅगन बॉलची नवी टीव्ही सिरीज नाही, नवा पिक्चर नाही. आकडा तरी १४ हजार कोटी येनच्या आसपास. काहीच नवीन नसताना! मला जो टिकाऊपणा म्हणायचाय तो हा.

हे एका दिवसात झालेलं नाही. मूळ मांगा १९८४ ला सुरू झाली आणि १९९५ ला संपली, ४२ खंड. ड्रॅगन बॉल जीटी ही टीव्ही सिरीज १९९७ ला बंद पडली, आणि मग पुढची कितीतरी वर्षं नवी गोष्ट म्हणून टीव्हीवर काही नव्हतं, २००९ मध्ये काई नावाची सिरीज आली ती पण जुनीच ड्रॅगन बॉल झी काटछाट करून. २०१३ चा पिक्चर येईपर्यंत एवढा मोठा खड्डा. पण या खड्ड्यात काय काय चाललं होतं बघा: अमेरिकेत टीव्हीवर टूनामी या कार्यक्रमात झी लागली आणि एक अख्खी पिढी तयार झाली, आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर शाळेतून आल्यावर दप्तर फेकून बघणारे आपण, मग प्लेस्टेशन टूवर बुदोकाई, तेंकाइची हे मारामारीचे गेम, मग जपानमध्ये मांगाची नवी मोठ्या आकाराची आवृत्ती. स्पार्किंग झीरो ही त्याच तेंकाइचीची पुढची पायरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि पहिल्या चोवीस तासांत ३० लाख प्रती गेल्या. डोक्कन बॅटल हा फोनवरचा गेम २०१५ पासून चालू आहे, अजून लोक त्यात पैसे ओततायत (ओळखीतले दोन-चार नमुने आहेत, नावं सांगत नाही).

आणि गुंडम! गुंडमला नॉस्टॅल्जिया म्हणणाऱ्याला तर मी हात जोडतो. मोठाल्या रोबोंची ही सिरीज मुळात पडलेली होती. एप्रिल १९७९ ला सुरू झाली, रेटिंग यथातथा, क्लोव्हर नावाची खेळणी कंपनी स्पॉन्सर होती आणि तिची खेळणी लहान पोरांसाठीची, भडक रंगांची, तर सिरीज बघणारी मुलं हायस्कूलची. माल आणि गिऱ्हाईक यांची गाठच नाही. ५२ एपिसोड ठरलेले, ४३ वर गुंडाळली, जानेवारी १९८० मध्ये खेळ खल्लास. आजच्या भाषेत कॅन्सल झालेला शो.

त्यानंतर सहा महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये, बंदाईने प्लास्टिकचं जोडायचं मॉडेल काढलं, मूळ आकाराच्या एकशेचव्वेचाळीसाव्या भागाचं, किंमत ३०० येन. पोराच्या पॉकेटमनीत बसणारी किंमत. सगळे रोबो एकाच मापात, म्हणजे एकमेकांशेजारी उभे केले तर उंची बरोबर दिसते. यातली हुशारी अशी की शत्रूचा झाकू हा रोबो गोष्टीत फॅक्टरीत शेकड्याने बनतो, म्हणजे हिरोचा गुंडम एक घेतला तरी झाकू तीन-चार लागतातच ना लढाई मांडायला, एकाच पोराला तीच वस्तू चार वेळा विकता येते आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही. हे डोकं ज्याचं असेल त्याला सलाम. तिकडे शोचे रीरन लागले, १९८१-८२ मध्ये एपिसोड जोडून तीन पिक्चर काढले, आणि मॉडेलची इतकी मारामारी झाली की जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातल्या एका दुकानात एस्कलेटरवर पोरं एकमेकांवर पडून जखमी झाली.

तेव्हापासून आजपर्यंत या गन्प्लाचे (गुंडमच्या प्लास्टिक मॉडेलचे) ७० कोटींच्या वर किट विकले गेलेत. आणि ‘काका लोक’ म्हणणाऱ्याने एकदा किट हातात घेऊन बघावं. पूर्वी गोंद आणि रंग लागायचा, आता प्लास्टिकच रंगीत येतं, चौकटीत पार्ट लटकलेले असतात, प्रत्येकाला नंबर, निपरने (छोट्या पकडीने) कापायचे, उरलेली गाठ घासायची, टक् करून बसवायचे. २०२० मध्ये त्यांनी साधारण ७०० येनचा एंट्री ग्रेड काढला त्याला तर निपरही लागत नाही, हाताने पार्ट सुटतात. हे कोणासाठी काढलं असेल? ज्याने आयुष्यात एकही किट केलं नाही त्याच्यासाठी. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसणारी कंपनी असले उद्योग करत नाही. २०२२ ची विच फ्रॉम मर्क्युरी ही गुंडम सिरीज बघा, शाळेत घडते, मुख्य पायलट मुलगी, जुनी गुंडम अजिबात बघायची गरज नाही, आणि तिच्या एरियल रोबोची किट दुकानात दिसेनाशी झाली होती.

याचा अर्थ डेमन स्लेयरचा माल खपत नाही असा नाही हं. २०२० मध्ये दायदो कंपनीने पात्रांची चित्रं असलेले कॉफीचे कॅन काढले, २८ प्रकारचे, तीन आठवड्यांत पाच कोटी कॅन गेले आणि कंपनीला आपला नफ्याचा अंदाज वाढवावा लागला. पण फरक बघा, कॉफीचा कॅन पिऊन झाला की संपला. तिथे चित्र विकलं जातं, आणि चित्र आज तंजिरोचं (डेमन स्लेयरचा हिरो), उद्या दुसऱ्या कोणाचं. गुंडममध्ये वस्तूच गुंडम आहे. ड्रॅगन बॉलमध्ये मारामारीच्या गेमला लागणारी पात्रं, त्यांची रूपं, त्यांच्या पावर आयत्या तयार आहेत. एक हिरो गोकूच घ्या, साधा, सोनेरी केसांचा, लाल केसांचा, निळ्या केसांचा, चंदेरी केसांचा, प्रत्येकाची वेगळी फिगर. डेमन स्लेयरची गोष्ट घट्ट विणलेली आहे, २३ खंडांत सुरुवात, मध्य, शेवट. गोष्ट म्हणून हे कौतुकाचंच, पण दुकानदाराच्या नजरेने बघितलं तर त्यात खुंट्या कमी आहेत माल टांगायला.

मुद्दा ४: ‘वन पीसमध्ये नवीन माणूस येत नाही’

अकराशेच्या वर एपिसोड आहेत हे खरं आणि कोणालाही धडकी भरेल हेही खरं. माझ्या मावसभावाला मी गेली कित्येक वर्षं सांगतोय, तो दर वेळी आकडा विचारतो आणि फोन ठेवतो.

पण मग हे सांगा. २०१२ चा वन पीस फिल्म झी, तोपर्यंतचा त्यांचा सगळ्यात मोठा, ६८७ कोटी येन. २०१९ चा स्टॅम्पीड त्याच्याही खाली. आणि ऑगस्ट २०२२ चा फिल्म रेड? पहिल्याच रनमध्ये १,९७० कोटी! मांगेचं पंचविसावं वर्ष, आणि आधीच्या रेकॉर्डच्या जवळपास तिप्पट. जुनेच फॅन तीन-तीनदा गेले असं म्हणाल तर काही गेलेही असतील, पण तिप्पट त्याने होत नाही. त्या पिक्चरमध्ये उता नावाची गायिका मध्यभागी ठेवली, तिची गाणी अदो नावाच्या खऱ्या गायिकेने गायली, आणि गाण्यांमुळे वन पीसशी काही देणंघेणं नसलेली पोरंपोरी थेटरात शिरली.

त्याच वर्षी वन पीसचा पत्त्यांचा खेळ आला. मग २०२३ च्या ऑगस्टअखेर नेटफ्लिक्सची खऱ्या माणसांची सिरीज, आठ एपिसोड, ज्याला अकराशे झेपत नाहीत त्याच्यासाठी दार. अ‍ॅनिमेच्या असल्या लाइव्ह अ‍ॅक्शनचा इतिहास म्हणजे नुसता कचरा (ड्रॅगन बॉलचा २००९ चा तो प्रकार ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय बोलतोय ते कळेल), तरी ही चालली. वर विट स्टुडिओ गोष्ट पहिल्यापासून नव्याने काढतंय. म्हणजे लांबीची अडचण मालकांना आपल्याआधी कळलीय आणि ते एकेक नवं दार पाडतायत.

आणि पैशाबाहेरची एक गोष्ट सांगतो. २०२५ मध्ये इंडोनेशियात आणि मग नेपाळमध्ये पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा हातात वन पीसचा हिरो लफीचा गवती टोपीवाला झेंडा होता. यातून प्रकाशक शुएइशाला छदाम मिळालेला नाही, ते झेंडे कोणीतरी गल्लीत शिवलेले. पण ज्या सिरीजमध्ये म्हणे नवीन माणूस येत नाही तिचा झेंडा विशीतल्या पोरांना घ्यावासा वाटला, मग हे कोण आहेत?

मुद्दा ५: ‘मांगा संपली, लेखक गेला की संपलं’

हा मुद्दा वाचून मी खरंच हसलो, कारण डेमन स्लेयरची मांगा मे २०२० मध्ये संपलीय. मुगेन ट्रेन लागायच्या पाच महिने आधी. म्हणजे मुद्दा पाच खरा मानला तर मुद्दा एकमधला राजा कधीच गार व्हायला हवा होता. एकाच फॉरवर्डमध्ये स्वतःच्याच पायावर धोंडा!

बाकी उदाहरणं पटापट. स्लॅम डंकची मांगा १९९६ ला संपली, डिसेंबर २०२२ मध्ये पिक्चर आला, १,५०० कोटी येनच्या वर, चीनमध्ये वेगळा गल्ला. हाइक्यूची मांगा २०२० ला संपली, २०२४ चा पिक्चर १,१०० कोटींच्या वर. नारुतोची मांगा २०१४ ला संपली आणि आज एफसी रोडला तिच्यातल्या अकात्सुकी टोळीचा लाल ढगांचा टीशर्ट टांगलेला नाही असं दुकान शोधून दाखवा (सगळे डुप्लिकेट, मूळ कंपनीला एक येन नाही, पण मागणी तर मागणी). यू-गी-ओची मूळ मांगा २००४ ला संपली, पत्ते अजून छापतायत, २०२२ मध्ये मास्टर ड्युएल हा त्याच पत्त्यांचा गेम आला.

लेखक गेल्याचं म्हणाल तर डोरेमॉनचे फुजिको एफ. फुजिओ १९९६ ला गेले, आणि डोरेमॉनच्या दरवर्षीच्या पिक्चरांमधला तोवरचा सगळ्यात मोठा गल्ला २०१८ मध्ये झाला. आपल्याकडे तर डोरेमॉन हिंदीत यायला सुरुवातच ते गेल्यानंतर झाली, आज कुठल्याही घरात पाच वर्षांचं पोर असेल तर नोबिताचा आवाज ऐकू येतोच. शिनचॅनचे योशितो उसुई २००९ ला गेले, २०२५ चा शिनचॅनचा पिक्चर तर भारतातच घडतो. ड्रॅगन बॉलचे तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले आणि त्यानंतरच्या वर्षाचा आकडा वर दिलाच आहे.

डिटेक्टिव्ह कोनानचं मला विशेष कौतुक आहे कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. १९९७ मध्ये पहिला पिक्चर, ११० कोटी येन. तेव्हापासून दर एप्रिलला एक, फक्त २०२० चा कोविडमुळे वर्षभर पुढे गेला. २०२३ चा सव्विसावा, १,३८० कोटी. २०२४ चा १,५८० कोटी. २०२५ चा पण १,४०० कोटींच्या वर. शतकांची हॅटट्रिक म्हणा हवं तर, तीही सिरीज पंचविशी ओलांडल्यावर. आणि गोष्टीतलं पोरगं, कोनान, अजून पहिलीतच आहे.

मात्र जुनं म्हणजे सोनं असंही काही नाही. ब्लीच किती मोठी होती, पण २०१२ ला अ‍ॅनिमे बंद झाली आणि २०२२ पर्यंत परत आली नाही, मधल्या काळात ती बऱ्यापैकी विस्मरणात गेली होती. टोकियो रिव्हेंजर्स २०२१ च्या ओरिकॉन यादीत तिसरी होती, अडीच कोटी प्रती. आज तुमच्या ग्रुपवर शेवटचा तिचा विषय कधी निघाला होता? वय बघून काही ठरत नाही, गाजावाजा बघूनही नाही.

तो तक्ता

पोस्टखालच्या तक्त्यात पोकेमॉन वर, शंभर अब्ज डॉलरच्या पुढे, आणि डेमन स्लेयर खाली कुठेतरी पण ‘इतक्या कमी वर्षांत!’ असा बाण. हे तक्ते इंटरनेटवर कोणीतरी जोडून जोडून बनवलेले असतात. त्यात एका ओळीत दुकानातल्या विक्रीची किंमत, दुसऱ्या ओळीत कंपनीच्या हातात आलेला पैसा, तिसऱ्या ओळीत तिकिटांची गोळाबेरीज, चौथ्या ओळीत प्रती गुणिले छापील किंमत, आणि शेवटी या सगळ्याची बेरीज. शंभर रुपयांची बाहुली दुकानात विकली गेली तर मालकाच्या हाती रॉयल्टी म्हणून येतात त्यातले थोडेच रुपये, पण तक्त्यात शंभर लिहितात. मग डेमन स्लेयरची तिकिटं त्याच बेरजेत टाकून तुलना! पोकेमॉन अवाढव्य आहे यात शंका नाही. १९९६ ची गेम, त्याच वर्षी पत्ते, १९९७ ला अ‍ॅनिमे, २०१६ ला पोकेमॉन गो घेऊन जग रस्त्यावर. पण ती मुळात गेम आहे आणि अ‍ॅनिमे तिची जाहिरात, म्हणून तिला या शर्यतीत घ्यायचं की नाही हाच आधी वाद घालायला लागेल.

मुद्दा ६: ‘२०३० पर्यंत जुन्यांचं दुकान बंद’

वरचं सगळं वाचल्यावर यावर फार बोलायची गरज नाही. इन्फिनिटी कॅसलचे अजून दोन भाग यायचेत, ते गल्ला करणारच, तेव्हा डेमन स्लेयर संपली असं म्हणायला मीही येणार नाही. पण शेवटचा भाग येऊन गेल्यावर तीन वर्षं काहीही नवीन न काढता तिचा माल दुकानात कुठल्या फळीवर असतो ते बघू. ड्रॅगन बॉलने ती परीक्षा दोन-तीनदा दिलीय, गुंडमने तर सुरुवातच नापास होऊन केली. वन पीसने अजून दिलेली नाही, कारण तिचे लेखक ओदा साहेब ती संपवतच नाहीत, आणि हा मुद्दा पोस्टवाल्याला सुचला असता तर मला त्याचं उत्तर द्यायला खरंच जड गेलं असतं.

तोपर्यंत फॉरवर्ड करायचंच असेल तर निदान पाच नंबर तरी काढून टाका, एक नंबरशी भांडतोय तो.